'नाइफ इन द वॉटर': चाकू नेमका कुणाच्या हातात होता?

अवकाळी

शेवटासकट सगळं लिहिणार आहे. ज्यांना सिनेमा कोराच बघायचाय त्यांनी इथूनच मागे फिरावं. जेमतेम दीड तासाचा आहे. बघून या, धागा कुठे पळून जात नाही.

१९६२ चा पोलिश सिनेमा, कृष्णधवल. रोमान पोलान्स्कीचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. पात्रं तीनच. आंजेय हा क्रीडा पत्रकार, स्वतःची मोटार, स्वतःची शिडाची बोट. क्रिस्तिना त्याची बायको. बोटीला तिचंच नाव दिलंय. आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून गाडी अडवणारा एक पोरगा. त्याला नाव नाही. शेवटपर्यंत कुणी विचारतही नाही.

सुरुवातीला गाडी क्रिस्तिना चालवत असते. काचेवर झाडांची प्रतिबिंबं सरकतायत, आतल्या दोघांचे चेहरे धड दिसत नाहीत. नवरा तिच्या गाडी चालवण्यात खोडी काढत राहतो आणि मग चाक स्वतःकडे घेतो. पोरगा आडवा येतो तेव्हा गाडी तोच चालवत असतो. ब्रेक शेवटच्या क्षणी लागतो. आंजेय चिडतो, शिव्या घालतो आणि वर त्यालाच गाडीत घेतो. तळ्यावर पोचल्यावर निरोप द्यायच्या ऐवजी बोटीवर यायचं आमंत्रणही तोच देतो. का? मला वाटतं सिनेमाची सगळी किल्ली या आमंत्रणात आहे. ज्या माणसाकडे सगळं आहे त्याला ते बघायला कुणीतरी लागतं. बायको आता बघत नाही. तिने हे सगळं खूपदा बघून झालंय. नवा प्रेक्षक हवा, आणि तो शक्यतो तरुण, कडका आणि बोटीतलं काही न कळणारा हवा.

मग पुढचा दिवसभर एक शब्दही वावगा न बोलता जी मारामारी चालते ती बघण्यासारखी आहे. बोटीवर दोन पुरुष असले की त्यातला एक कप्तान असतो, हे आंजेय सुरुवातीलाच ऐकवून टाकतो. पोराला गरम भांडं नुसत्या हाताने धरायला लावतो. बोट लव्हाळ्यात अडकते तेव्हा दोर पोराच्या खांद्यावर जातो आणि साहेब बोटीवर. पोराकडे एकच गोष्ट आहे, त्याचा खटक्याचा चाकू. पंजा पसरून बोटांच्या फटींतून तो चाकू आपटत नेण्याचा खेळ तो करून दाखवतो. पाण्यात चाकूचा उपयोग काय, म्हणून आंजेय टिंगल करतो. पण पुढे तोच चाकू हातात घेऊन नेम धरून फेकतो आणि नेम बरोबर लागतो. पोराकडची एकमेव वस्तूसुद्धा आपणच चांगली वापरतो, हे दाखवून झालं.

आता माझा मुद्दा. या सिनेमावर जे काही वाचलं त्यात बहुतेक ठिकाणी एकच सूर आहे: दोन नरांची झुंज, म्हातारा विरुद्ध तरुण, आणि बाई म्हणजे बक्षीस. मला हे पटत नाही. त्या बोटीवर खेळ न खेळणारी एकटी क्रिस्तिना आहे. ती शीड सांभाळते, जेवण करते, पोहते आणि बघते. पाऊस आल्यावर तिघं खाली केबिनमध्ये काड्या उचलायचा खेळ खेळतात, हरणाऱ्याने काहीतरी गहाण ठेवायचं आणि शिक्षा भोगून सोडवून घ्यायचं. ती गाणं म्हणते, पोरगा कविता म्हणतो, आणि नवरा काय करतो? कानाला इअरफोन लावून रेडिओवर बॉक्सिंगची मॅच ऐकतो. बायको दोन हातांच्या अंतरावर बसून गातेय आणि हा दुसऱ्यांची ठोसाठोशी ऐकतोय! अख्ख्या सिनेमातलं सगळ्यात क्रूर दृश्य माझ्या मते हे आहे, चाकू पाण्यात पडतो ते नव्हे.

आकर्षण तिथे सुरू होतं. देहाचं नंतर, आधी हे, की या पोराने माझं गाणं ऐकलं.

पुढचं माहीत असेलच. सकाळी चाकूवरून झटापट, चाकू पाण्यात, मागोमाग पोरगाही पाण्यात. मला पोहता येत नाही, असं त्याने आधीच सांगून ठेवलेलं. नवराबायको शोधतात, सापडत नाही, भांडतात, आंजेय पोलिसांकडे जातो म्हणून पोहत किनाऱ्याकडे निघतो. पोरगा मात्र तरंगत्या पिंपाआड लपलेला. तो परत बोटीवर येतो, आणि मग ते दोघं.

शेवटी क्रिस्तिना नवऱ्याला सगळं खरं सांगते. मुलगा जिवंत आहे. आणि आमच्यात हे घडलं. आता आंजेयने काय मानायचं? तिचं खरं धरलं तर तो खुनी नाही, पण बायको त्याची उरली नाही. खोटं धरलं तर बायको शाबूत, पण एका पोराचं मरण आपल्या माथी. गाडी फाट्यावर उभी. एक रस्ता पोलीस ठाण्याचा. सिनेमा संपतो.

तर प्रश्न असा: कोण जिंकलं?

---

मध्यरात्रीचा_शो

झकास लिहिलंय. अनोळखी माणसं, बंद जागा, एक रात्र, हा साचा म्हटलं की आपल्याकडे आधी 'इत्तेफाक' आठवतो. १९६९ चा, यश चोप्रांचा, एकही गाणं नसलेला. पण तिथे शेवटी सगळं उलगडतं, खून कुणी केला ते कळतं, म्हणून तो रहस्यपट. इथे लपवलेलं काहीच नाही. प्रेक्षकाला सगळं दिसतंय, तरी छातीवर दडपण आहेच. हे कसं जमवलं असेल?

---

सुकाणू

@मध्यरात्रीचा_शो, माझं उत्तर: जागा.

शिडाच्या छोट्या बोटीवर वावरलेल्या माणसाला हा सिनेमा जास्त कळतो. तिथे नजर टाळायला कोपरा नसतो. शिडाचा खालचा आडवा वासा वाऱ्याबरोबर या बाजूचा त्या बाजूला येतो, तेव्हा सगळ्यांनी डोकं खाली घालायचं असतं, आणि कधी घालायचं हे सुकाणूवरचा माणूस ओरडून सांगतो. नवख्या माणसाला ते सांगायला अर्धा क्षण उशीर केला की झालं. म्हणजे बोट चालवताना हुकूम सोडावेच लागतात, ते चुकीचं नसतं. आंजेयची लबाडी ही, की गरजेचे हुकूम कुठे संपतात आणि जिरवायचे हुकूम कुठे सुरू होतात ती रेघ तो पुसून टाकतो. पोराला उलट बोलायला जागाच नाही. बोलला तर "बोटीचे नियम आहेत".

आणि कॅमेरा बघा, येर्झी लिपमनचा. एक चेहरा किंवा खांदा अगदी पुढ्यात, अर्धी चौकट अडवून बसलेला, आणि त्याच्या फटीतून मागचे दोघं. तिघांपैकी कोण मधे आहे हे दर दृश्यात बदलतं. संवाद बंद ठेवून एकदा वीस मिनिटं बघा, तरीही कुणाची सरशी चाललीय ते कळेल.

---

चकवा

तो वासाच पोरगा कसा वापरतो ते विसरू नका. दोघं पोहायला उतरलेले असतात तेव्हा तो वाश्याला लोंबकळतो आणि पाण्यावरून पाय टाकत चालल्यासारखा जातो. दुसऱ्या एका ठिकाणी तो फळीवर आडवा आणि डोक्यामागे दोराचं वेटोळं, थेट संतांच्या चित्रातल्या प्रभेसारखं. दिग्दर्शक चक्क डोळा मारतोय. ज्याला तुम्ही गरीब बिचारा समजताय तो स्वतःला येशू समजतोय.

त्यामुळे पोरगा बळी वगैरे मला मान्य नाही. पोहता येत नाही असं खोटं बोलून त्याने पहिल्याच दिवशी हुकमाचा पत्ता खिशात ठेवला होता.

---

तिरपागडा

+१ चकवा.

---

रेवा_

धागा आवडला, पण "क्रिस्तिना खेळत नाही" इथे अडले. न खेळण्याची मुभा तिला होती कुठे? बोट नवऱ्याची, गाडी नवऱ्याची, हातातलं चाकसुद्धा काढून घेतलेलं. तिचं "बघणं" म्हणजे सत्ता असं तुम्ही म्हणता. मला ते जन्मभराचं शहाणपण वाटतं, जे दुबळ्याला शिकावंच लागतं. वरच्याला खालच्याच्या मनात काय चाललंय हे कळायची गरज पडत नाही. खालच्याला वरच्याच्या भुवईची हालचालही कळावी लागते.

आणि एक गोष्ट इथे कुणी काढणार नाही, म्हणून मी काढते. पडद्यावरच्या सत्तेबद्दल एवढं बोलतोय तर पडद्यामागची? क्रिस्तिना झालेली योलांता उमेत्स्का ही व्यावसायिक नटी नव्हती. पोलान्स्कीने तिला निवडलं आणि तिचा आवाज मात्र दुसऱ्या नटीकडून भरून घेतला. पोराचा आवाज तर त्याने स्वतःच दिला. म्हणजे सिनेमात शेवटी खरं बोलणारी जी एकुलती एक बाई आहे, ते खरं ती स्वतःच्या आवाजात बोलतच नाही.

पुढे याच माणसाने १९७७ मध्ये अल्पवयीन मुलीशी शरीरसंबंधाचा गुन्हा अमेरिकेतल्या कोर्टात कबूल केला आणि १९७८ मध्ये शिक्षा व्हायच्या आत देश सोडून पळाला. हे डोक्यात असताना "काय चौकट लावलीय" असं नुसतं म्हणणं मला जमत नाही.

---

मध्यरात्रीचा_शो

कलाकृती वेगळी, कलाकार वेगळा. हा वाद प्रत्येक धाग्यावर आलाच पाहिजे का?

---

रेवा_

विषय अनोळखी माणसांमधलं आकर्षण आणि सत्ता हा असेल तर आलाच पाहिजे. इतर धाग्यांवर नाही काढला तरी चालेल.

'लास्ट टँगो इन पॅरिस' घ्या, १९७२. दोन अनोळखी माणसं, रिकामा फ्लॅट, नावं सांगायची नाहीत असा नियम. कागदावर हा नियम दोघांना सारखाच. पण तो घालतो कोण? पुरुष. मोडतो कोण? तोच. आणि चित्रीकरणात? मारिया श्नायडर १९ वर्षांची, समोरचा ब्रँडो वयाने दुपटीहून मोठा आणि जगप्रसिद्ध. त्यातलं एक प्रसंगचित्रण मूळ पटकथेत नव्हतंच, त्या वेळी मला अपमानित झाल्यासारखं वाटलं, असं तिने २००७ च्या मुलाखतीत सांगितलं. दिग्दर्शक बेर्तोलुच्चीने २०१३ मध्ये कबूल केलं की त्यातला तपशील तिला मुद्दाम सांगितला नव्हता, कारण त्याला तिच्याकडून अभिनय नको होता, खरी प्रतिक्रिया हवी होती. म्हणजे सिनेमा ज्या गोष्टीबद्दल आहे तीच गोष्ट सेटवर चालू होती, फक्त तिथे एकाच बाजूला ती माहीत होती. "कलाकृती वेगळी" म्हणताना कोणती रेघ ओढायची ते सांगा.

---

अवकाळी

रेवा, रेघ मला ओढता येत नाही, आणि ओढायचीही नाही. आवाजाबद्दलचा तुमचा मुद्दा मात्र मी धाग्यात घ्यायला हवा होता इतका नेमका आहे. पोराचा उद्धट, थोडा कोवळा आवाज दिग्दर्शकाचा स्वतःचा आहे हे कळल्यावर सिनेमा वेगळाच दिसतो. वय तेव्हा तिशीच्या आत. आंजेयच्या जगाचा हेवा आणि तिटकारा दोन्ही एकाच वेळी वाटणारा तो स्वतःच बोटीवर चढलाय.

पण क्रिस्तिनाबद्दल मी माझं सोडत नाही. दुबळ्याचं शहाणपण म्हणालात, कबूल. ते शहाणपण एका क्षणी हत्यार होतं. परत आलेल्या पोराला ती काय सुनावते आठवा: तू त्याच्यासारखाच आहेस, तोही कधी तुझ्यासारखा होता, आणि तुला व्हायचंय ते त्याच्यासारखंच. हे सगळं त्याला जवळ घेत असतानाच्या आसपास! माणूस ओळखून, त्याच्याबद्दल काडीचा भ्रम न ठेवता ती त्याला जवळ करते. यात बक्षीस कोण आहे मग?

---

जुनी_पेटी

थोडी पार्श्वभूमी. तेव्हाच्या पोलंडमध्ये खाजगी मोटार आणि शिडाची बोट बाळगणारा माणूस म्हणजे व्यवस्थेने पोसलेला माणूस. समता आली म्हणून सांगितलं जात होतं आणि हा पत्रकार मोटारीचे वायपर काढून आत ठेवतो, का तर चोरीला जातील. एवढ्या एका कृतीत सगळं आलं. पक्षाचे प्रमुख गोमुल्का यांनी सिनेमावर जाहीर टीका केली होती ती उगीच नव्हे. बाहेर मात्र त्याचं कौतुक झालं: १९६२ मध्ये व्हेनिसला समीक्षकांचं पारितोषिक, १९६३ मध्ये 'टाइम'च्या मुखपृष्ठावर सिनेमातलं दृश्य, आणि ऑस्करचं नामांकन. ते ऑस्कर फेलिनीच्या 'साडेआठ'ला गेलं, त्यामुळे दुःख करण्यासारखं काही नाही.

पटकथेत येर्झी स्कोलिमोव्हस्कीचा हात होता. सगळं चोवीस तासांत आणि तीन माणसांत आवळून बसवण्याची कल्पना त्याची. तो स्वतः त्या वेळी कवी आणि विशीतला, म्हणजे पोरगा कविता म्हणतो ते कुठून आलं असेल याचा अंदाज करा. आणि संगीतकार कोमेदाचं जॅझ! माणसं जे बोलत नाहीत ते सॅक्सोफोन बोलतो असं म्हणणार होतो, पण खरं तर तो त्यांच्याशी काही देणंघेणं नसल्यासारखा वाजतो. सुट्टी चाललीय, मजा आहे. म्हणूनच अंगावर येतो.

---

तिरपागडा

नियम कोण घालतो यावरून तेंडुलकरांचा 'सखाराम बाइंडर' आठवला. १९७२ चं नाटक, म्हणजे रेवा यांच्या टँगोच्याच वर्षीचं. टाकलेल्या बाईला घरी आणायचं आणि उंबऱ्यातच नियम ऐकवायचे: हे घर माझं, इथे माझ्या रीतीने राहायचं, पटलं नाही तर दार उघडं आहे. निळू फुल्यांचा सखाराम हे सगळं अगदी प्रामाणिकपणे सांगतो, हीच तर गोम. आंजेयचं "एक कप्तान असतो" हे त्याच जातीचं. फरक एवढाच की सखाराम नागडं बोलतो आणि आंजेय सभ्यपणे, पाहुणचार करत करत.

लक्ष्मी आणि चंपा या दोघींनी त्याचे नियम कसे पोखरले ते बघा. एकीने पूर्ण पाळून, दुसरीने धुडकावून. शेवटी नियम घालणाराच खलास. या हिशेबाने मी अवकाळींच्या बाजूला. सत्ता गाजवायची तर समोरच्याने ती मनावर घ्यावी लागते. क्रिस्तिनाने कधीच सोडून दिलंय.

---

रेवा_

चंपाचं पुढे काय होतं तेही लिहा की. तिने धुडकावले आणि मेली कोण? नियम घालणारा खलास झाला खरा, पण त्याच्या आधी एक बाई गेली.

---

तिरपागडा

हं. यावर उत्तर नाही माझ्याकडे.

---

चकवा

मूळ प्रश्न बाजूला राहिला. कोण जिंकलं?

माझं मत, पोरगा. कारण तो निघून गेला. किनाऱ्याजवळच्या ओंडक्यांवर उतरला आणि गायब. त्याला ना नाव, ना पत्ता, ना परिणाम. बाकीचे दोघं मात्र त्या गाडीत कायमचे अडकले. अनोळखी असण्याची खरी ताकद ती. ओळखीच्या माणसाला उद्या तोंड दाखवावं लागतं.

---

सुकाणू

मग चाकू? तो तर तळाशी राहिला. त्याची एकच वस्तू होती ती गमावून गेला, आणि जाता जाता "तू पण त्याच्यासारखाच" हे ऐकून गेला. हे जिंकणं असेल तर अवघड आहे.

मला तिघांच्या खोटेपणाचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. पोरगा म्हणतो पोहता येत नाही, येतं. आंजेय म्हणतो पोलिसांकडे जातो; गेलेला नसतो, बायको धक्क्याला लागते तेव्हा तो तिथेच वाट बघत असतो. दोघांचंही खोटं आरामात खपतं. क्रिस्तिना तेवढी खरं बोलते आणि तेच पचत नाही. जिंकण्याहरण्यापेक्षा हे उलटंपालटं गणित मला जास्त बेचैन करतं.

---

जुनी_पेटी

खलाशाची गोष्ट कुणीच काढली नाही! आंजेय सुरुवातीला पोराला एका खलाशाची गोष्ट सांगतो: बाटली फोडून त्या काचांवर अनवाणी उडी मारायची पैज. गोष्ट अर्धीच राहते. शेवटी गाडीत बायको ती पुरी करायला लावते. खलाशाचे तळवे बॉयलरच्या कामाने घट्ट झालेले असतात म्हणून तो बिनधास्त उडी मारतो. पण मधल्या काळात ते काम सुटलंय आणि तळवे मऊ पडलेत, हे तो विसरलेला असतो. पाय फाटले.

आंजेय ही गोष्ट स्वतःची म्हणून सांगत नाहीये आणि तरीही ती त्याचीच आहे. कातडी जाड असल्याच्या आठवणीवर जगणारा माणूस. मला तर वाटतं क्रिस्तिनाने ती गोष्ट मुद्दाम विचारली.

---

अवकाळी

मुद्दामच विचारली. आणि मला त्यात थोडी दयासुद्धा दिसते. ती त्याला पळवाट देतेय. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस हवं तर, पण तुला काय झालंय ते तरी बोल. तो गोष्ट सांगतो, स्वतःबद्दल बोलत नाही.

चकवा, पोरगा जिंकला म्हणण्यात एक अडचण आहे. आंजेयने बायकोचं ऐकायचं नाही असं ठरवलं तर तो पोरगा आंजेयच्या आयुष्यात मेलेलाच राहणार. नाव नाही, पत्ता नाही, म्हणजे जिवंत असल्याचा पुरावाही नाही. निनावीपणाची ताकद ही अशी परतफेड मागते.

आणि आंजेय काय करेल? माझा कौल: पोलीस ठाण्याकडे वळणार नाही, घरीही नीट पोचणार नाही. खुनी ठरण्यात त्याला जरा बरं वाटेल. खुनी म्हणजे निदान काहीतरी घडवणारा. बायकोने दुसऱ्याला जवळ केलेला नवरा म्हणजे ज्याच्याबाबत काहीतरी घडलं तो. कप्तानाला दुसरं परवडत नाही.

---

रेवा_

हे मात्र पटलं. शेवटच्या परिच्छेदापुरती तुमच्या बाजूला.

---

वाचनमात्र

अनेक वर्षं नुसता वाचत असतो, आज लिहितोय. शनिवारी बघणार आहे. बायकोबरोबर बघू की एकट्याने?

---

रेवा_

आधी ती एकटी बघू दे. मग तुम्ही. बोलायला बसाल तेव्हा इअरफोन काढून बसा.

---

चकवा

आणि गाडी कोण चालवणार ते आधी ठरवून घ्या :)